बाळंतिणीची सरी

साळूबाईनं पाटी आणून थेट टेबलावर ठेवली, तीही तपासायला काढलेल्या जर्नलांवर, आणि पदरानं मानेचा घाम पुसत म्हणाली, "घे बाबा. तुझा ऐवज. जित्ता आनलाय."

पाटीवर ओलं गोणपाट होतं. ते आतून हललं. गोणपाट उचलायच्या आधीच कानिफनाथाला वास कळला होता: आंबूस दूध, मुताचा उग्रपणा, आणि या दोन्हींच्या तळाशी पाचटाचा, उसाच्या वाळल्या पानांचा तो कोरडा, गोडसर, घशाला खाजवणारा वास. याच वासात तो जन्मला होता. त्यानं गोणपाट उचललं. तीन होती. एकमेकांच्या अंगात तोंडं खुपसलेली, मुठीत मावतील एवढी. डोळे नुकते उघडलेले, त्यांच्यावर अजून निळसर साय. कपाळावरून मागं गेलेल्या चार पांढऱ्या रेघा, आणि पाठीवर गंजाच्या पाण्याचा शिंतोडा उडावा तसे ठिपके. वाघाटी. नगरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा डॉ. कानिफनाथ पालवे गेली सात वर्षं या एकाच जनावराच्या मागं होता. घरातल्या बोक्याहून लहान, साऱ्या मांजरकुळात धाकटं. पुस्तकवाले म्हणत, हे डोंगरातल्या झाडीचं जनावर. त्यानं दाखवून दिलं की नाही, हे आता उसात येऊन वितं. झाडी राहिलीय कुठं. मुंबईच्या नियतकालिकात त्याचा लेख आला, परदेशातून पत्रं आली, आणि खालच्या मजल्यावरचे लोक त्याला पाठीमागं 'मांजरवाले' म्हणू लागले.

त्याचा हात वजनकाट्याकडे गेला. मनाच्या आधी हात गेला. पहिलं पिल्लू पारड्यात ठेवलं, आकडा वहीत लिहिला, दुसरं उचललं, आणि ते त्याच्या तळहातात तोंड फिरवून सड शोधायला लागलं तेव्हा कुठं त्याचे कान तापले. राग त्याला नेहमी कानांतून यायचा. आधी पाळ्या, मग जबडा, मग जिभेवर पितळेची चव. त्यानं पिल्लू परत पाटीत ठेवलं.

"कुठनं आणलीस ही?"

"कुठनं म्हंजे? फडातनं. श्रीगोंद्याच्या अंगाला टोळी हाय न्हवं आमची. दिवस उगवायला आक्काबाईच्या कोयत्याखाली घावली. जराशानं मुंडी गेली असती एकाची. म्या म्हनलं, थांब गं बाई, आमच्या कानिफची हायती. पाटीत घातली आन् पयली यष्टी धरली."

"आणि आई?"

"कोन, मांजर? बांधावर बसल्ती की." साळूबाई त्याच्या आईची धाकटी बहीण, साठीला टेकलेली, पण उभी राहिली की अजून उसासारखी सरळ. तिनं दारातल्या माठातलं पाणी स्वतःच घेतलं, उभ्यानं प्यायली. "म्या रस्त्याला लागले तशी मागं मागं आली. पार हिवराच्या झाडापातूर. मग गाडीवानाची कुत्री दिसली तवा दबली."

"मागं आली."

"व्हय. वरडत न्हवती. नुसती येत हुती."

"आणि तू तरी घेऊन आलीस."

साळूबाईनं पेला पालथा घातला आणि त्याच्याकडे नीट पाहिलं. "आता गं बया. तूच म्हनलास न्हवं, आना म्हनून."

दारातून शिपाई छगन डोकावला. "सर, बिबट्याची हायती का?" कानिफनाथ त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "बाहेर हो." छगन बाहेर झाला, पण दारामागं थांबला, त्याच्या चपलांची टोकं दिसत राहिली. त्या टोकांचाही राग आला. बिबट्याची. दर वर्षी कुठं ना कुठं बिबट्याची म्हणून ही ठेचली जातात, मग मेलेल्या पिल्लाची शेपटी धरून कुणीतरी म्हणतो, अरे, ही तर मांजरं. म्हणूनच तर दोन हंगामांमागं तो कारखान्याच्या आवारात एका बैलगाडीवर उभा राहिला होता. पाच-सहा टोळ्या समोर बसलेल्या, बाया पदर डोक्यावर ओढून, पुरुष विडीच्या धुरात. तो बोलला. ही मांजरं उंदीर खातात, शेतकऱ्याची मैत्रीण आहे ही. मारू नका. सापडली तर माझ्याकडे आणून द्या. मग हेच त्यानं कागदावर लिहिलं, विभागाच्या यंत्रावर दोनशे प्रती काढल्या, खाली सही केली, मुकादमांना वाटल्या. मारू नका, एवढं पुरेसं होतं. पुढचं वाक्य त्यानं का लिहिलं, हे त्याला ठाऊक होतं. त्याला वजनं हवी होती. कितव्या दिवशी डोळे उघडतात, कितव्या दिवशी दात फुटतात, हे जगात कुणी मोजलं नव्हतं. लोकांनी आणली. दोन हंगामांत अकरा आली. कापसाच्या वातीनं, शाई भरायच्या नळीनं त्यानं दूध पाजलं. रात्री-अपरात्री उठून, पोटाशी धरून पाजलं. नऊ मेली. प्रत्येकाचं शेवटचं वजन त्याच्याकडे होतं.

"आधी काय करत होता तुम्ही?" त्यानं विचारलं. आवाज वकिलासारखा निघाला. "मी कागद देण्याआधी. पिल्लं सापडली की काय करायचा?"

साळूबाई हसली. तिला वाटलं, तो गंमत करतोय. "तुला ठावं न्हाई व्हय? आरं, सरी सोडायचो. बाळंतिनीची सरी. तुझी आई तर भांडून सोडायची. हितं पिल्लं घावली का एवढी एक सरी उभी ठिवायची, पिल्लं तितंच, त्या रातीला त्या अंगाला कोयता न्हाई, इस्तू न्हाई. सकाळच्याला बघावं तर मोकळी. नेलेली असायची तिनं."

"मग आज का नाही सोडली?"

"कारभारी सोडू देतोय व्हय?" कारभारी म्हणजे टोळीचा मुकादम. "त्यो म्हनतो, आता त्याचं काय काम. आता सायबाचा कागुद हाय. पाटीत घाला आन् धाडा नगरला. औंदा एकबी सरी सुटली न्हाई बग. आमच्याच न्हाई, कुनाच्याच टोळीत."

खिडकीतून चितळे रोडवरच्या टांग्यांचे आवाज येत होते. कुणीतरी खाली उसाच्या रसाचं चाक फिरवत होतं. कानिफनाथाला वाटलं, ही बाई जे बोलली ते फार लांबून, कुठल्या तरी पाण्याखालून आपल्यापर्यंत येतंय. कुणाच्याच टोळीत नाही. दोनशे कागद.

त्याला रागानं कुणावर तरी तुटून पडायचं होतं, आणि नेमके तेव्हाच विभागप्रमुख खरवंडीकर आत आले. सज्जन माणूस. चष्मा पुसत आले, पाटीत वाकून पाहिलं आणि लहान मुलासारखे खुलले. "वा, वा. पालवे, हे म्हणजे घबाडच की. तुमचा तो वाढीचा तक्ता. मार्चमधल्या परिषदेपूर्वी तीन हवीतच म्हणत होता ना तुम्ही?" मग आवाज मऊ करून, "आणि असं पाहा, एखादं नाही जगलं, तर विभागाला राहू द्या. फॉर्मॅलिन परवाच आलंय."

"सर, आई बांधावर बसली आहे," कानिफनाथ म्हणाला.

"कुणाची?"

खरवंडीकरांचा राग यावा असं त्यांनी काही केलं नव्हतं. त्यांनी फक्त तेच म्हटलं होतं, जे गोणपाट उचलताक्षणी त्याच्याच डोक्यात कुठंतरी खाली चमकून गेलं होतं: तीन. तक्ता पुरा होईल. हे आठवलं आणि त्याचा जबडा असा आवळला गेला की दाढेतून कळ आली. त्यानं पाटीवर गोणपाट ओढलं, पाटी उचलली. "मावशे, चल."

"आता कुठं? बस तरी जरा, च्या पाजशील का न्हाई?"

"चल म्हणतो ना."

माळीवाड्याच्या स्टँडवर श्रीगोंद्याची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं पाटीकडे बोट केलं. जनावराचं तिकीट पडेल, नाहीतर टपावर. कानिफनाथ तोंड उघडणार, आणि ते उघडलं असतं तर बरं झालं नसतं, तोच साळूबाई म्हणाली, "माझी नातवंडं हायती बाबा. मांडीवर घेती. का मांडीचंबी तिकीट काडतुस?" गाडी हसली. कंडक्टर हसला. कानिफनाथ हसला नाही. खिडकीशी बसून तो बाहेर पाहत राहिला. दुष्काळाचं दुसरं वर्ष. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खडी फोडणाऱ्यांच्या ओळी, बायांच्या हातांना चिंध्या बांधलेल्या, ठक ठक ठक. गाडी पुढं जाई आणि तो आवाज मागं न पडता पुढच्या ओळीतून उचलला जाई. उघडे माळ. कुठं हिरवं म्हणून नाही. अशात कालव्याकाठचा ऊस तेवढा उभा, आणि जे जे म्हणून जिवंत होतं, ससा, साळिंदर, तितर, मुंगूस, कोल्हा, वाघाटी, ते सारं त्या उसात शिरलेलं. आणि उसाला बाहेरून आत तोडत आणायची रीत. चारी अंगांनी कोयते आत सरकत जातात, मधला तुकडा लहान लहान होत जातो, आणि सगळी जित्राबं त्या तुकड्यात.

तो तुकडा त्याला रागाइतकाच ओळखीचा होता. नऊ वर्षांचा असेल. प्रवरेच्या अंगाला होती तेव्हा टोळी. शेवटच्या दहा-बारा सऱ्या राहिल्या की कोयते बाजूला पडत आणि काठ्या हातात येत. कुत्री सोडत. ओरडा. आतून काहीतरी निघे, आणि ज्याची काठी पडे तो त्या संध्याकाळचा राजा. त्या दिवशी त्याच्या पायाशी निघालं ते लहान होतं, तपकिरी होतं, आणि ते पळालं नव्हतं. थांबून त्याच्याकडे पाहत होतं. त्यानं मारलं. किती हलकं लागलं काठीला. बापानं खांद्यावर घेतलं, लोकांनी वाघमाऱ्या म्हटलं, आणि तो वरून हसत आईला शोधत होता. आई, भागूबाई, मोळी बांधत होती. तिनं पाहिलं, आणि परत मोळी बांधायला लागली. मोळी बांधून झाली तरी ती तशीच वाकलेली होती. मग ती मेलेल्या मांजरीजवळ गेली, तिला उलथं केलं, पोटावरचे केस बोटानं बाजूला सारून पाहिले, ओले, फुगलेले, आणि कुणाशी एक शब्द न बोलता त्या तुकड्यात शिरून पिल्लं शोधत बसली, पार दिसेनासं होईपर्यंत. पिल्लं मिळाली नाहीत. दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर तो त्या विसरला असता. भाकरी वाढायची, पण नजर त्याच्या हातावर. तिसऱ्या दिवशी पहाटे कोपीत, उसाच्या पाल्याच्या त्या झोपडीत, आपल्या बहिणीच्या तान्ह्याची झोळी हलवताना ती म्हणत होती, सुरात, कुणाला उद्देशून नाही:

उसाच्या फडामंदी, वाघाटी बाळंतीन
कोयत्या, थांब दादा, सरी राहू दे राखन

तुझं बाळ झोळीमंदी, तिचं बाळ पाचटात
दोघींच्या दुधाची वल, एकल्याच रानात

सात वर्षं त्यानं वाघाटीवर काढली ती त्या एका काठीपायी, हे त्यानं कुठं लिहिलं नव्हतं. लिहायची जागाही नव्हती. पण सरी लिहिली होती. प्रबंधाच्या पहिल्या खर्ड्यात एक वाक्य होतं: ऊसतोड स्त्रियांमध्ये पिल्ले आढळल्यास एक सरी उभी ठेवण्याची चाल असून मादी त्याच रात्री पिल्ले हलविते असे सांगतात. पुण्याच्या मार्गदर्शकांनी लाल पेन्सिलीनं समासात विचारलं, 'पुरावा काय? सांगतात म्हणजे कोण सांगतात?' कोण सांगतात. माझी आई सांगते. असं उत्तर देता आलं असतं का, पंचविसाव्या वर्षी, उसन्या, इस्त्री केलेल्या शर्टात, जिथं आपण कोपीत जन्मलो हे कुणाला कळू नये म्हणून बोलताना ण आणि न सांभाळावे लागत होते? त्यानं ते वाक्य खोडलं. एकदा नाही, दोनदा रेघ मारली. इतकं नीट खोडलं की पुढं गाडीवर उभं राहून भाषण करताना त्याच बायांसमोर ते त्याला आठवलंसुद्धा नाही. त्या ऐकत होत्या. त्यांच्यातल्या एकीनंही म्हटलं नाही की, बाबा, आम्ही तर मारतच नाही, आम्ही सरी सोडतो. कशा म्हणतील? शिकलेला बोलत होता. आपला शिकलेला.

पाटीतून आवाज आला. किती बारीक, सुईनं कापड उसवावं तसा. साळूबाईनं गोणपाटाखाली हात घातला आणि पुटपुटली, "आली हं, आली." त्या दोन शब्दांनी कानिफनाथाला इतका संताप आला की त्यानं खिडकीचा गज घट्ट धरला. कुठं आली? कोण आली? समोरच्या बाकावरचा एक म्हातारा त्याच्या मुठीकडे पाहत होता.

फाट्यावर उतरून ते चालत निघाले तेव्हा सावल्या लांबायला लागल्या होत्या. हिवराचं झाड आलं. साळूबाईनं नुसती मान केली: हितंवर. झाडाखाली कुणी नव्हतं. फडात पोचले तर सकाळी जिथं पिल्लं सापडली ती जागा मोकळी, पाचटाचा गुडघाभर थर, आणि तीस-चाळीस पावलांवर शेवटच्या नऊ सऱ्या उभ्या. गाड्या जुंपून तयार होत्या. वाढं, उसाचे हिरवे शेंडे, न्यायला आसपासच्या वाड्यांवरचे लोक टपून बसलेले. या वर्षी बैलाला तेवढाच घास. आणि चार-पाच जण, विळे-कोयते नव्हे, काठ्या घेऊन.

मुकादम कारभारी बांधावर उकिडवा बसून गाडीवानाशी बोलत होता. कानिफनाथाला पाहून उठला, टोपी सारखी केली. "या, डागदर या. भागूबाईचा कानिफ न्हवं? पोचली न्हवं पिल्लं? म्याच धाडली. म्हनलं, सायबाच्या कागदापरमानं काम झालं पायजे."

"काम थांबवा," कानिफनाथ म्हणाला.

"आँ?"

"या नऊ सऱ्या उद्या तोडा. त्या काठ्यावाल्यांना घालवून द्या. पिल्लं परत ठेवायची आहेत."

कारभारी हसला, पण डोळे हसले नाहीत. "डागदर, गाड्या भरायच्यात. कारखान्याचा नंबर गेला तर उद्या ऊस वाळंल. तुमी आज म्हनता आना, उद्या म्हनता ठिवा. दवाखाना मांजरीचा आन् खोळंबा मानसाचा?" गाडीवान फिसकन् हसला.

आणि मग कानिफनाथाचा आवाज सुटला. तो काय बोलला ते त्याचं त्यालाच धड ऐकू येत नव्हतं. तुम्हाला लाज नाही, म्हणाला. पोटुशी, ओली, काही बघत नाही. मोळ्यांखाली जीव चिरडता, म्हणाला. कागद आला म्हणून हातातली रीत टाकून देता, तुम्ही काय बैल आहात? बोलता बोलता त्याचे ण गेले, न राहिले. नगर गेलं, पुणं गेलं. तो आपल्या बापासारखा हात नाचवत ओरडत होता आणि बाया मोळ्या बांधायच्या थांबून त्याच्याकडे पाहत होत्या. त्यांच्या नजरेत भीती नव्हती. कुणाच्या घरातलं माणूस वेशीत ओरडताना पाहावं तसा संकोच होता.

कारभारीनं ऐकून घेतलं. मग कोपरीच्या खिशातून चौघडी केलेला, घामानं मऊ पडलेला कागद काढला आणि उलगडून पुढं धरला. "सही तुमचीच हाय का न्हाई?"

निळी शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. पिल्ले आढळल्यास मारू नयेत. प्राणिशास्त्र विभागात आणून द्यावीत.

"माझीच आहे."

"मग?"

"मग आता मी तोंडानं सांगतोय, ते ऐका."

"तोंडाचं कोन ऐकतं, डागदर?" कारभारी आता चिडला नव्हता, समजावत होता, आणि ते जास्त झोंबलं. "ह्या बाया वरीसभर तोंडानं सांगत हुत्या मला, सरी सोडा, सरी सोडा. म्या म्हनलं, सायबाला तुमच्यापरीस जास्त कळतं. आता तुमीच तोंडानं सांगाया लागले तर म्या मालकाला काय दावू? दुसरा कागुद द्या. तोडतो उद्या."

कानिफनाथानं खिशातून पेन काढलं. कागद उलटा केला. मांडीवर ठेवून लिहू लागला. शाई मऊ कागदात पसरत होती. पिल्ले जागेवरच ठेवावीत. एक सरी उभी सोडावी.

"एक?" साळूबाई मागून म्हणाली. "एकच असती. बाकीच्या तोडू दे. गाड्याबी भरल्या पायजेत."

"कारन लिव्हा," कारभारी म्हणाला. "मालक इचारंल."

पेन थांबलं. सात वर्षांत त्यानं कारणं लिहिली होती, तक्त्यांसकट, टिपांसकट. त्याला एकही आठवेना. मग त्यानं लिहिलं: बाळंतीण आहे. खाली सही केली, आणि सहीपुढं डॉक्टर लिहिताना त्याचा हात असा दाबला गेला की कागद फाटला.

आठ सऱ्या तोडल्या. काठ्यावाले बांधावर उभे राहून पाहत होते. एक ससा निघाला, त्याच्यामागं ते आणि त्यांची कुत्री ओरडत लांब निघून गेली, आणि कानिफनाथाला त्या सशाचं बरं वाटलं आणि तसं वाटल्याचाही राग आला. शेवटची सरी उभी राहिली, नुसत्या हवेत एक हिरवी भिंत. आक्काबाईनं तिच्या मुळाशी पाचटाचा खोपा केला. साळूबाईनं पिल्लं आपल्या हातानं ठेवली. तो पुढं झाला तेव्हा तिनं त्याला कोपरानं मागं सारलं. "तुज्या अंगाला औषिदाचा वास येतोय."

मग एक एक करून बाया सरीकडे पाठ करून रस्त्याकडे तोंड करून बसल्या. गाडीवानसुद्धा बसला, विडी न पेटवता. कानिफनाथ उभाच होता.

"बस," साळूबाई म्हणाली. "पाठ कर. कुत्र्यावर ध्यान ठिवाया म्या एकटीनं मागं बघायचं. बाकीच्यांनी न्हाई. बाळंतिनीकडं कोन टक लावून बघतं का?"

"मी बघायला नको? मी?"

"तू तर अजिबातच न्हाई."

तो बसला. आयुष्यभर ज्याला पाहायचं होतं ते त्याच्या पाठीमागं चाळीस पावलांवर होतं किंवा नव्हतं. ऊन उतरत गेलं. कारखान्याच्या चिमणीचा धूर आडवा झाला. पाठ म्हणजे केवढी मोठी गोष्ट असते हे त्याला पहिल्यांदा कळत होतं. सगळी कातडी कान झाली होती. तीन आवाज होते. तीनही त्याला वेगळे ओळखू येत होते. एक जाड, एक तुटक, एक सुईसारखा. हिवराच्या बाजूनं पाचट वाजलं. वारा असेल. पुन्हा वाजलं. जाड आवाज थांबला. थांबला की आईच्या तोंडात गेला की गारठला? आता तुटक. आता सुई. मान वळवली तर मानेची एक शीर हलली असती, एवढंच. त्याच वेळी रस्त्यावरून बाकीच्या भरल्या गाड्या निघाल्या, बैलांच्या घुंगरांनी सगळा फड भरून गेला, आणि त्या आवाजाखाली जे काही झालं ते झालं. घुंगरं लांब गेली तेव्हा मागं काहीच ऐकू येत नव्हतं. काहीच म्हणजे काहीच.

साळूबाई उठल्याचं त्याला तिच्या सांध्यांच्या आवाजावरून कळलं. ती पुढं येऊन उभी राहिली, लुगडं झटकलं. "चल. भाकरी खा. सकाळधरनं पोटात कायबी न्हाई तुज्या."

"आली होती?"

ती फडक्याची गाठ सोडायला लागली.

"मावशे. आली का ती? किती नेली?"

"तुला कशाला पायजे?"

"कशाला म्हणजे? मी," तो म्हणाला. "तू पाहिलंस ना? तू मागं बघत होतीस. एवढंच सांग. आली की नाही?"

"सांगितलं का तू लिव्हनार," साळूबाई म्हणाली. ती रागावली नव्हती. भाकरीवर मिरचीचा गोळा ठेवत होती. "लिव्हलं का छापनार. छापलं का कुनीतरी म्हननार, लई चांगलं काम हाय, आमालाबी दावा. मग कोनतरी बघाया येनार, त्याच्यामागं धा. न्हाई रं बाबा. तू चांगल्याचंच करतुस, पन तुला सांगायची सोय न्हाई."

"नाही लिहिणार."

"आज न्हाई लिव्हनार."

त्याचे कान पेटले. तो उठून उभा राहिला. सगळा दिवस त्यानं हा राग एकेकाच्या दारात नेऊन आपटला होता, छगनच्या, खरवंडीकरांच्या, कंडक्टरच्या, कारभारीच्या. आता तो समोरच्या म्हातारीवर उगारावा तर ती हातात भाकरी धरून उभी. सरी तिथंच होती. चाळीस पावलं. अजून उजेड होता. वाकून खोप्यात हात घातला की कळलं असतं. पिल्लं गार पडली असतील तर अजून वाचवता येतील. आणि ती अर्ध्यावर असेल, दोन नेऊन तिसऱ्यासाठी बांधाआड थांबली असेल, तर त्याच्या पहिल्या पावलाला ती जाईल, आणि परत येणार नाही.

"जायचं तर जा," साळूबाई म्हणाली. "पाय तुजे हायती. म्या काय धरलं न्हाई."

बाया आपापल्या कोप्यांकडे निघाल्या होत्या. कुठंतरी चूल पेटल्याचा वास आला. कानिफनाथ तसाच उभा राहिला, मुठी वळून, खालचा ओठ दातांत धरून, बराच वेळ. मग त्यानं तिच्या हातातली भाकरी घेतली, रस्त्याकडे तोंड करूनच बसला, आणि एक तुकडा मोडून तोंडात घातला. चावत राहिला.